बार्शी लाईटच्या ठेक्यापासून अमेरिकेच्या करारापर्यंत : सोलापूरच्या वालचंद शेठजींची गोष्ट

सोलापूर : येडशी आणि तडवळे ही गावं बार्शीकडच्या माणसाला नवी नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पट्ट्यात अडीच फूट रुंदीच्या छोट्या रुळांवरून बार्शी लाईट रेल्वे पुढं सरकत होती. तिच्या मालकीची कंपनी लंडनमध्ये नोंदलेली. इंजिनिअर एव्हरर्ड कॅलथ्रॉप हाही इंग्रज. येडशी ते तडवळे या तुकड्याचं काम मात्र घेतलं सोलापूरच्या एका विशीतल्या पोरानं आणि रेल्वेत कारकुनी करून बाहेर पडलेल्या एका ब्राह्मण गृहस्थानं. पोराचं नाव वालचंद हिराचंद दोशी. गृहस्थांचं नाव लक्ष्मण बळवंत फाटक.

याच पोरानं पुढं जहाज घेऊन लंडन गाठलं, अमेरिकेतून विमानाचं आणि मोटारीचं तंत्र आणलं, आणि इंदापूर तालुक्यात त्यांच्या नावाचं एक गावच उभं राहिलं. वालचंदनगरचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण हा माणूस मुळात सरकारी ठेकेदार होता, हे कमी लोकांच्या ध्यानात असतं. आज जिल्हा परिषदेचं किंवा बांधकाम खात्याचं टेंडर भरणारी जी तरुण पोरं तालुक्याच्या गावी दिसतात, त्यांच्याच वाटेनं शेठजी निघाले होते.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं गुजराती दिगंबर जैन, सौराष्ट्रातून येऊन इथं स्थिरावलेलं. घरचा धंदा सावकारीचा आणि कापसाचा. वडील हिराचंद नेमचंद हे जैन समाजातले शिकलेसवरलेले, सुधारणेच्या बाजूचे गृहस्थ. आई लहानपणीच गेली. शाळा सोलापुरात झाली, पुढं मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातलं, पण पदवी काही पुरी झाली नाही. परत येऊन घरच्या पेढीवर बसले तर तिथंही मन रमेना. आडतीवर बसून भाव वर गेला का खाली आला एवढंच बघायचं, हा त्यांचा पिंड नव्हता.

फाटकांची गाठ पडली ती अशा वेळी. फाटकांना रेल्वेचं काम आतून माहीत होतं. मातीकामाचा दर कसा लावतात, इंजिनिअर मोजमाप कसं घेतो, बिल कुठं अडतं, कोणत्या साहेबाकडं कागद जातो हे सगळं त्यांनी पाहिलेलं. नव्हता तो पैसा. वालचंद यांच्याकडं पैसा आणि घराण्याची पत होती, पण कामाची माहिती शून्य. दोघांनी मिळून फाटक आणि वालचंद अशी भागीदारी केली. एक जैन, एक ब्राह्मण, दोघांच्या वयात अंतर, पण भागीदारी टिकली.

रेल्वेचा ठेका म्हणजे काय, हे गावातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दर भरायचा, अनामत ठेवायची, मजूर आणि गाढवं-बैलं गोळा करायची, पदरचे पैसे घालून काम उभं करायचं, मग साहेब येऊन मोजणार आणि त्यानंतर बिल निघणार. काम कमी दरात घेतलं तर बुडालात, जास्त दर लावला तर काम दुसऱ्याला. मधल्या काळात मजुराचा आठवड्याचा पगार थांबत नाही. ज्याच्यामागं पत आहे तोच इथं तग धरतो. वालचंद यांनी घरच्या पेढीची पत कापसातून काढून रेल्वेच्या भरावात घातली, असं म्हटलं तरी चालेल.

बार्शी लाईटचं काम नीट झालं आणि पुढं कामं मिळत गेली. पहिल्या महायुद्धात सरकारला लष्करासाठी बराकी आणि इमारती झटपट हव्या होत्या. अशा कामांत फाटक-वालचंद यांचा जम बसला. १९२० साली टाटांबरोबर मिळून टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली आणि तिचा कारभार वालचंद यांच्याकडं आला. बोरघाटातल्या रेल्वेचे बोगदे हे त्यांचं गाजलेलं काम. त्याआधी खंडाळ्याच्या घाटात गाडी एका ठिकाणी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि मग गाडी उलट दिशेनं निघायची. नवे बोगदे झाल्यावर हा खटाटोप संपला. मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसाच्या नळाचं काम, सिंधू नदीवरचा कालाबागचा पूल, अशी मोठी कामं त्यांच्या कंपन्यांनी केली. १९२६ साली सुरू झालेली त्यांची दुसरी कंपनी पुढं हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन या नावानं देशभर माहीत झाली.

इथवरची गोष्ट सरळ आहे. सरकार काम काढतं, चांगला ठेकेदार ते करतो, दोघांचं भलं होतं. गाडी अडली ती वालचंद समुद्राकडं वळले तेव्हा.

जहाज घेतलं आणि वैर ओढवलं

१९१९ साली महायुद्ध नुकतंच संपलं होतं. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडं लॉयल्टी नावाचं एक जहाज होतं. मूळचं कॅनडाच्या कंपनीचं, युद्धात महाराजांनी ते जखमी सैनिकांसाठी दवाखाना म्हणून वापरायला दिलं होतं. युद्ध संपल्यावर ते विकायचं निघालं. वालचंद यांच्या कानावर ही बातमी आली आणि त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास अशा मुंबईच्या बड्या व्यापाऱ्यांना गाठलं. जहाज घेतलं, कंपनी काढली, आणि महाराजांच्या घराण्यावरून तिला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन असं नाव दिलं. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. वालचंद स्वतः त्यावर होते.

तोवर हिंदुस्थानचा माल परदेशी जायचा तो इंग्रजांच्या जहाजातून. कापूस आपला, गळीत धान्य आपलं, पण भाडं त्यांचं. मालाचा भाव कितीही मिळो, भाड्याचा वाटा कापून मगच पैसा इकडं यायचा. कांद्याच्या ट्रकचं भाडं कसं बोकांडी बसतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला हा हिशोब लगेच कळेल. वालचंद यांचं म्हणणं एवढंच होतं की व्यापार आपला तर वाहतूकही आपल्या हातात पाहिजे.

ब्रिटिश इंडिया ही समोरची कंपनी साधी नव्हती. ती मुळात उभीच राहिली होती सरकारी ठेक्यावर. कलकत्ता ते रंगून टपाल नेण्याचं काम तिला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मिळालं, त्यावर ती वाढली आणि पुढं पी अँड ओ या बलाढ्य कंपनीशी जोडली गेली. तिचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांची दिल्लीत आणि लंडनमध्ये वट होती. म्हणजे टेंडरचा पैसा इंग्रज कंपनीलाही मिळाला होता आणि वालचंद यांनाही. फरक असा, की रेल्वेच्या भरावाला देशी ठेकेदार चालत होता, समुद्रावर तो चालणार नव्हता.

मग भाड्याचं युद्ध सुरू झालं. रंगूनहून तांदूळ आणण्याचे दर इंग्रज कंपनीनं इतके पाडले की जहाजाचा खर्चही निघेना. बाजारात मोठा व्यापारी नव्याला हुसकावण्यासाठी चार दिवस तोट्यात विकतो, तशातली गत. बाकीच्या काही छोट्या देशी जहाज कंपन्या अशाच मोडल्या होत्या. इंचकेप यांनी सिंदिया विकत घेण्याचाही प्रयत्न केला. भागधारकांचा पैसा पाण्यात जातोय असं दिसत होतं. लॉयल्टी हे जहाजही फायद्याचं ठरलं नाही, १९२३ साली ते मोडीत निघालं.

त्याच वर्षी, १९२३ मध्ये, सिंदियानं इंग्रज कंपन्यांशी दहा वर्षांचा करार केला. हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि लंकेच्या किनाऱ्यावर माल नेता येईल, पण जहाजांचं वजन ७५,००० टनांच्या वर न्यायचं नाही आणि परदेशी मार्गावर जायचं नाही. लंडनला वाजतगाजत निघालेली कंपनी किनाऱ्यावर बांधली गेली. यावर तेव्हाही टीका झाली. वालचंद यांनाही हा करार मनापासून रुचला नव्हता. पण तो केला नसता तर कंपनी राहिली नसती. दोन एकर गहाण टाकून आठ एकर वाचवावी लागते, तसला हा व्यवहार. तो चूक की बरोबर यावर आजही दोन्ही बाजूंनी बोलता येतं, पण पुढची तीस वर्षं कंपनी जिवंत राहिली ही गोष्ट त्या कराराच्या बाजूनं जाते.

१९२८ साली एस. एन. हाजी यांनी दिल्लीच्या कायदेमंडळात किनाऱ्यावरची वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवण्याचं विधेयक आणलं. वालचंद त्याच्या पाठीशी होते. सरकारनं ते होऊ दिलं नाही. १९२९ साली नरोत्तम मोरारजी गेले आणि सिंदियाची धुरा वालचंद यांच्याकडं आली. १९३७ साली कंपनीनं अल मदिना हे जहाज हज यात्रेकरूंसाठी उतरवलं, तर तिथंही भाडं पाडण्याचा तोच खेळ झाला.

एकट्या व्यापाऱ्याचं सरकार ऐकत नाही हे या अनुभवातून त्यांना कळलं असावं. १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स निघाली तिचे ते पहिले अध्यक्ष. १९३२-३३ मध्ये फिक्कीचे म्हणजे देशभरातल्या व्यापारी संघांच्या महासंघाचे अध्यक्ष झाले. सरकार आपल्या खात्यांसाठी लागणारा माल कुठून घेतं हा प्रश्न त्या काळी सगळ्याच देशी कारखानदारांना छळत होता. रेल्वेच्या डब्यापासून कार्यालयाच्या कागदापर्यंत कितीतरी खरेदी लंडनहून व्हायची. इथंच खरेदी करण्यासाठी १९२२ साली सरकारनं इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट काढलं खरं, पण जुनी सवय एकदम सुटली नाही.

माळरानावर ऊस

मधल्या काळात त्यांनी शेतीतही हात घातला. मालेगाव तालुक्यातलं रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातलं कळंब. रावळगावला १९३३ साली साखर कारखाना उभा राहिला, कळंबला त्याच्या पुढच्या वर्षी. कळंबच्या माळावर नीरा कालव्याचं पाणी होतं, त्यावर ऊस वाढवला. वस्ती वाढली, कारखान्याची दुरुस्ती करण्यासाठी वर्कशॉप निघालं, गावाला वालचंदनगर नाव पडलं. त्याच वर्कशॉपमधून वाढलेल्या कंपनीनं पुढं साखर कारखान्यांची यंत्रं बनवून परदेशी पाठवली आणि इस्रोच्या रॉकेटचे भागही घडवले.

या गोष्टीची दुसरी बाजू इंदापूरच्या शेतकऱ्याला विचारावी. कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या. स्वातंत्र्यानंतर कमाल जमीन धारणेचा कायदा आला, त्या जमिनी शेती महामंडळाकडं गेल्या आणि खंडकरी शेतकरी आपल्याच जमिनीसाठी कित्येक दशकं भांडत राहिला. हे सगळं वालचंद यांच्या पश्चात घडलं हे खरं, पण सुरुवात त्या खंडाच्या कागदातच आहे. मोठ्या माणसाचं चरित्र लिहिताना हे पान सहसा गाळलं जातं.

अमेरिकेची वाट

१९३९ साली वालचंद अमेरिकेला गेले ते मोटारीसाठी. हिंदुस्थानात मोटार बनावी ही कल्पना सर विश्वेश्वरय्यांनी लावून धरली होती. मुंबईत बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार होतं, त्याची मदत मिळेल अशी आशा होती. वालचंद आधी फोर्डकडं गेले, तिथं दाद लागली नाही. मग क्रायस्लर कंपनीशी जमलं आणि १९४० मध्ये करार झाला. क्रायस्लरनं तंत्र द्यायचं, इथल्या कंपनीनं कारखाना उभारायचा, सुरुवातीला सुटे भाग आणून जोडणी करायची आणि हळूहळू भाग इथंच बनवायचे, असा तो मार्ग. इंग्लंडला वळसा घालून थेट अमेरिकेशी धंदा जोडणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पण तोवर खेरांचं सरकार राजीनामा देऊन गेलं होतं, आणि दिल्लीच्या सरकारनं मोटार कारखाना युद्धाच्या कामाचा नाही असं ठरवून मदत नाकारली. करार खिशात आणि यंत्रं आणायला परवानगी नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघायला १९४४ उजाडलं आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडायला १९४७.

विमानाचं उलट झालं. त्याच १९३९ च्या प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकनाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. असाच कारखाना हिंदुस्थानात का नको, हा विचार तिथं रुजला. इकडं युद्ध पेटलेलं, इंग्लंडला स्वतःलाच विमानं पुरत नव्हती. सरकारला गरज होती म्हणून या वेळी दार उघडलं. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी बंगळुरूला जमीन आणि भांडवलात वाटा दिला. किलाचंद आणि खटाव ही मुंबईची घराणी वालचंद यांच्याबरोबर आली. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. यंत्रं आणि कारागीर अमेरिकेतून आले, विमानांचे नमुनेही अमेरिकनच, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गिऱ्हाईक पक्कं होतं. ते गिऱ्हाईक म्हणजे सरकार. १९४१ मध्ये हार्लो जातीचं शिकाऊ विमान बंगळुरूत उडालंही.

याच १९४१ मध्ये सरकार तिसऱ्या हिश्श्याचं भागीदार झालं आणि १९४२ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशात घुसल्यावर सरकारनं वालचंद यांचा वाटा विकत घेऊन कारखान्याचा ताबाच घेतला. दीड वर्षात मालक बाजूला. आजचा बंगळुरूचा एचएएल तो हाच. सरकार हेच एकमेव गिऱ्हाईक असलं की ते एक दिवस दुकानही मागू शकतं. वालचंद यांना याची कल्पना नसेल असं नाही. पण दुसरं गिऱ्हाईक आणणार तरी कुठून?

विशाखापट्टणम

जहाज बांधणीचा कारखाना हे त्यांचं सर्वांत जुनं स्वप्न. कलकत्त्याला जागा मागितली, मिळाली नाही. शेवटी विशाखापट्टणमचं ठरलं. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. युद्धात यंत्रं आणायला सरकारनं पाठबळ दिलं नाही, एप्रिल १९४२ मध्ये जपान्यांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि काम रखडलं. तरी ते सोडलं नाही. १४ मार्च १९४८ रोजी जलउषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. आठ हजार टनी जहाज, आपल्याच देशात बांधलेलं. देश स्वतंत्र होऊन जेमतेम सात महिने झाले होते.

एवढं सगळं करताना डोक्यावर देणी कायम होती. एका कंपनीच्या जोरावर दुसरी काढायची, दुसरीच्या भरवशावर तिसरी, हा त्यांचा रिवाज. भागधारक कुरकुरायचे, बँका हात आखडता घ्यायच्या. घरचे भाऊ गुलाबचंद, रतनचंद, लालचंद मागं उभे होते म्हणून पुष्कळ निभावलं. शेठजी काम काढायचे, आणि ते शेवटाला न्यायला बाकीच्यांची दमछाक व्हायची.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत सेवा केली. दरम्यान कुर्ल्याच्या कारखान्यानं इटलीच्या फियाट कंपनीशी नातं जोडलं, त्यातूनच पुढं मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झालेली गाडी आली. जहाज कारखाना चालवणं सिंदियाला एकटीला झेपेना, म्हणून १९५२ साली सरकारनं त्यात दोन तृतीयांश वाटा घेतला आणि हिंदुस्थान शिपयार्ड झालं. या वेळचं सरकार आपलं होतं, आणि तोटा वाटून घ्यायला ते आलं होतं.

८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर इथं वालचंद हिराचंद वारले. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये त्यांचं नाव मिळालं, सोलापुरातही त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. लॉयल्टी लंडनला निघालं तो ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर तीनच दिवसांनी शेठजींची पुण्यतिथी येते.